मधल्या सुट्टीचे दुकान

सकाळी साडेदहाच्या सुमारास शाळेची घंटा झाली की आमच्या घरातील खाट करकरते. बाबा उठून बसतात, उशाची टोपी चाचपून डोक्यावर ठेवतात, पायांनी चपला शोधतात आणि दाराकडे पाहत विचारतात, "किल्ली कुठी हाय? पोट्टे येतीन ना आता."

बाबांचे वय आज अठ्ठ्याऐंशी आहे. ज्या दुकानाची किल्ली ते मागतात, ते 2020 च्या मार्च महिन्यात टाळेबंदी लागली तेव्हा बंद झाले आणि पुन्हा उघडले नाही. का उघडले नाही, हे सांगण्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला आहे. या पाक्षिकात वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांचे अनुभव मी आवडीने वाचतो. पण त्यांत शुश्रूषा करणाऱ्याच्या चुकांबद्दल फार थोडे असते, आणि माझ्यापाशी सांगण्यासारखे आहे ते मुख्यतः तेच.

आमचे गिरड वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात आहे. बाहेरची माणसे हे गाव ओळखतात ते टेकडीवरील शेख फरीद बाबांच्या दर्ग्यामुळे. हिंदू-मुसलमान दोघेही तेथे नवस फेडायला येतात. बाबांनी शाळेच्या फाटकाजवळ दुकान मांडले ते 1966 साली. दुकान म्हणजे कडुनिंबाखाली अंथरलेला बारदाना, एक लाकडी पेटी आणि पाच-सहा काचेच्या बरण्या. पत्र्याची टपरी फार पुढे, माझ्या लग्नानंतर आली. दोन एकर कोरडवाहू शेती होती. तिच्यावर भागत नसे, म्हणून शेतीला जोड दुकानाची. मी मात्र दुकानाला जोड शेती समजत मोठा झालो, कारण माझी पुस्तके, गणवेश आणि पुढे डी.एड.ची फी, सारे त्या पेटीतून निघाले.

त्या बरण्यांत काय असे? गोळ्या वर्षभर असत. लिमलेटच्या, संत्र्याच्या फोडीसारख्या दिसणाऱ्या, पेपरमिंटच्या पांढऱ्या. हिंगणघाटच्या ठोक व्यापाऱ्याकडून बाबा त्या पिशवीभर आणत आणि एस.टी.त मांडीवर ठेवून सांभाळत. रावळगावच्या गोळ्या जरा महाग असल्याने त्यांची बरणी वेगळी, झाकण घट्ट. वालचंद हिराचंदांनी मालेगावजवळ साखरेचा उद्योग उभारला, त्याच्याच पोटी 1942 पासून या गोळ्या निघू लागल्या, हे मी फार उशिरा वाचले. लहानपणी रावळगाव म्हणजे एखादे गोळ्यांनी भरलेले गाव असावे अशी माझी समजूत होती.

मात्र पेटीच्या पुढ्यातील सुपांतला माल ऋतूप्रमाणे बदले, आणि खरी विक्री त्याचीच. थंडीत बोरे आणि आवळे, संक्रांतीनंतर गाभुळलेल्या चिंचा, उन्हाळा लागताना चिचबिलाई, मग टेंभरे आणि जंगलातून बायका आणत ती चारे. भुईमूग निघाला की उकडलेल्या फल्ल्या. बोरकुटाची पुडी पाच पैशांना. आई बोरे वाळवून, कुटून, त्यात मीठ आणि किंचित गूळ घाली. आज आहारतज्ज्ञ 'स्थानिक आणि हंगामी' असे म्हणतात तेव्हा मला ती सुपे आठवतात. तेव्हा त्यास कोणी आहार म्हणत नव्हते. तो 'रानमेवा'ही नव्हता, हा शब्द शहरातून आला. ते नुसते 'पोट्ट्याईचं खानं' होते.

पण त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. सुपांवर माश्या बसत, चिंचांना धूळ लागे, आणि बाबांचे हात धुण्यासाठी जवळ पाणी नसे. वर्गात दर पावसाळ्यात जुलाबाने पोरे गळत, त्यात त्या सुपांचा वाटा नव्हता असे मी कसे म्हणू?

टेकडीवर गोल दगड सापडतात. कुणाला त्यांत सुपारी दिसते, कुणाला जायफळ, मोठे असले तर नारळ. भूशास्त्र सांगते की बसाल्ट खडकाच्या पोकळ्यांत तयार होणारे हे झिओलाइट वर्गाचे गोळे आहेत. गावाची कथा वेगळी. दोन बंजारा व्यापारी नारळ आणि इतर वाणसामान घेऊन टेकडीवरून चालले होते. त्यांनी फकिराची थट्टा केली आणि त्यांचा सारा माल दगड झाला. मग ते शरण आले तेव्हा फकिराने झाडाच्या वाळक्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. व्यापारी पुढे गेलेच नाहीत, फकिराच्या सेवेत राहिले. लहानपणी बाबा ही गोष्ट सांगत तेव्हा पहिल्या भागावर जोर देत. दुकानदाराने थट्टा करू नये, गिऱ्हाइकाची तर मुळीच नाही, मग ते गिऱ्हाईक पहिलीतले का असेना. पाच पैशांच्या गिऱ्हाइकालाही ते 'काय देऊ, मालक?' असे विचारीत.

काळ पालटला तो नव्वदीनंतर. सुपे आकसत गेली आणि टपरीच्या दारावर रंगीत पुड्यांच्या माळा लोंबू लागल्या. बोटांत घालून खायचे पिवळे पोंगे, मसाल्याच्या कुरकुरीत नळ्या, प्लॅस्टिकच्या नळीत गोठवलेले रंगीत पाणी. या मालाला माश्या लागत नव्हत्या, तो सडत नव्हता, उरला तर उद्या विकता येत होता. बोरे आणणाऱ्या बायका म्हाताऱ्या झाल्या आणि त्यांच्या सुनांना बोरांपेक्षा मजुरी परवडू लागली. बाबांनी काही ठरवून माल बदलला असे नाही, तो बदलत गेला. आणि त्याच माळांत एक माळ गोड सुपारीची होती.

तिच्यावरून आमचे पहिले मोठे भांडण झाले. तोवर मी गावच्याच शाळेत शिक्षक म्हणून बदलून आलो होतो. बाबांनी तंबाखू कधी विकली नाही, विडी-काडीही नाही, याचा त्यांना अभिमान होता. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास बंदी घालणारा कायदा 2003 साली झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांची ती रीत होती. पण सुपारी? "सुपारी त पूजेले लागते," हे त्यांचे उत्तर. सुपारीत तंबाखू नसली तरी ती स्वतःच कर्करोगकारक आहे, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये काढला. वर्षानुवर्षे चघळणाऱ्यांच्या गालांची आतली कातडी ताठरते, तोंड उघडेनासे होते, घास आत जाईनासा होतो. माझ्या वर्गातील एका मुलाला जांभई देतानाही तोंड पुरते उघडता येत नव्हते, हे मी पाहिले होते. मी ते बाबांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सुपारीची माळ दिसली नाही, आणि त्यानंतर आठ दिवस ते माझ्याशीही बोलले नाहीत.

2017 च्या मे महिन्यात राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने आदेश काढला. साखर, मीठ आणि चरबी जास्त असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात ठेवू नयेत, असा त्याचा आशय होता. आमच्या शाळेत उपाहारगृह नव्हतेच. परिपत्रक वाचून झाल्यावर शिक्षकांच्या खोलीतील सगळ्यांनी खिडकीतून बाहेर पाहिले आणि मग माझ्याकडे. टपरी फाटकाच्या बाहेर होती, म्हणजे आदेशाच्याही बाहेर. मी तसे म्हणालो. कोणी वाद घातला नाही, आणि त्यामुळेच मला जास्त लाज वाटली.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी या विषयावरचे मिळेल ते वाचून काढले. दात का किडतात, हे आपल्याला वरवर ठाऊक असते. तोंडातील जिवाणू साखर खातात आणि आम्ल सोडतात, ते आम्ल दातावरील कवच विरघळवते. लाळ हे आम्ल हळूहळू निवळवते, पण त्याला अर्धा तास तरी लागतो. म्हणून एकदाच चार गोळ्या खाणाऱ्यापेक्षा तासातासाने एक-एक चघळणाऱ्याचे दात लवकर जातात. चिकटणारी गोळी सर्वांत वाईट. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, पाच टक्क्यांच्या आत राहिली तर उत्तम. प्रौढ माणसासाठी हे पाच टक्के म्हणजे सुमारे 25 ग्रॅम, सहा चमचे. आमच्याकडच्या दोन कप चहात त्यातले निम्मे संपते.

पण हे ज्ञान आले कुठून, ती हकीगत वाचून मी पुस्तक मिटले. स्वीडनमध्ये लुंड शहरात व्हिपेहोल्म नावाचे रुग्णालय होते. तेथे मतिमंद रुग्ण ठेवलेले असत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांच्यावर दातांच्या किडीचा प्रयोग सुरू झाला. काही गटांना दोन जेवणांच्या मध्ये मुद्दाम चिकट टॉफ्या दिल्या गेल्या. खर्चाचा काही भार मिठाईच्या धंद्यानेच उचलला होता. अनेकांचे दात पार नासले. विज्ञानाला पुरावा मिळाला. पुढे त्या देशात मुलांना गोळ्या रोज न देता आठवड्यातून एकदाच, शनिवारी द्याव्यात, असा सल्ला रूढ झाला आणि तेथील कुटुंबांत 'शनिवारची मिठाई' ही रीत पडली. ती रीत चांगलीच. परंतु ज्यांच्या दातांवर ती उभी राहिली, त्यांना कुणी विचारले नव्हते, आणि विचारले असते तरी त्यांना काय उत्तर देता आले असते! तेव्हा हे वाचून मला नुसता संताप आला होता. आता त्याची आठवण वेगळ्या कारणाने येते, ते पुढे सांगतो.

मी 2019 मध्ये निवृत्त झालो. पुढच्या वर्षी टाळेबंदी आली. टपरीला कुलूप लागले. बाबा घरात बसले. त्यांचे चालणे, रोजचे पन्नास-साठ मुलांशी बोलणे, हिशेब, सुट्ट्या पैशांची मोजदाद, सारे एका दिवसात थांबले. त्या दीड वर्षात त्यांचे विसरणे वाढले. एकच प्रश्न ते तीनदा विचारू लागले. आम्ही म्हणालो, वय झाले.

2021 च्या ऑक्टोबरात ग्रामीण भागातील पाचवीपासूनच्या शाळा पुन्हा उघडणार असे ठरले. तोवर आणखी एक नियम अमलात आला होता. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या विनियमांनुसार, साखर, मीठ, चरबी जास्त असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून कुठल्याही दिशेला पन्नास मीटरच्या आत विद्यार्थ्यांना विकता येत नाहीत. मी एका संध्याकाळी जाऊन पावले मोजली. टपरीपर्यंत माझी एकतीस पावले भरली. 4 ऑक्टोबरला सकाळी बाबांनी बरण्या घासून उन्हात पालथ्या घातल्या, धुतलेला सदरा घातला आणि किल्ली शोधू लागले. किल्ली माझ्या खिशात होती.

मी त्यांना नियम सांगितला नाही. बोरे आणि फुटाणे विकायला कुठल्याच नियमाची आडकाठी नव्हती, हे मला ठाऊक होते. खरे कारण वेगळे होते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाने त्या साथीच्या दिवसांत पोरांच्या गर्दीत बसू नये असे मला वाटत होते. आणि त्याखाली आणखी एक कारण होते, ते मी स्वतःलाही सांगत नव्हतो. निवृत्त मुख्याध्यापकाच्या बापाने फाटकाशी पोंगे विकावेत, याचा मला कंटाळा आला होता. मी म्हणालो, "किल्ली हरवली, बाबा."

ते तसेच गेले. मधली सुट्टी संपेपर्यंत बंद टपरीसमोर कुलपावर हात ठेवून उभे राहिले. मी दुरून पाहत होतो. मुले भोवती जमली. एकाने विचारले, "आबाजी, दुकान कधी उघडते?" बाबा म्हणाले, "मास्तरले विचारा."

त्यांना ठाऊक होते. आज त्यांना काल रात्रीचे जेवण आठवत नाही, पण तेव्हा ठाऊक होते.

त्यानंतरच्या हिवाळ्यात ते गावातल्या गावात वाट चुकले. वर्ध्याला दाखवले, तपासण्या झाल्या, स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. दुकान बंद केल्यामुळे हा आजार झाला का, असे मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी सांगितले की मेंदूतील हे बदल कित्येक वर्षे आधीपासून हळूहळू होत असतात, एका कुलपाने ते होत नाहीत. पण काम, चालणे आणि माणसांत असणे यांनी माणूस सावरलेला राहतो, तो आधार निघाला की आतले उघडे पडते. या उत्तरातील पहिल्या भागाने मला धीर यायला हवा होता. मी दुसऱ्याच भागापाशी अडकून राहिलो.

मधुमेह त्यांना पंधरा-सोळा वर्षांपासून आहे. पत्नी त्यांच्या जेवणाची काटेकोर काळजी घेते. तरीही दोन वर्षांपूर्वी तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी 9.4 आली. आम्ही चक्रावलो. गादी उन्हात टाकायला उचलली तेव्हा उलगडा झाला. गादीखाली लिमलेटच्या गोळ्यांचे चुरगळलेले कागद होते, मोजले तेव्हा चाळीसच्या वर निघाले. शेजारची मुले त्यांना गोळ्या आणून देत होती. स्मृतिभ्रंशात पुष्कळांची गोडाची ओढ वाढते, असे डॉक्टर म्हणाले. मला मात्र दुसरीच गोष्ट आठवली. पंजाबातील पाकपट्टणच्या बाबा फरीदांना शकरगंज म्हणतात. लहानपणी त्यांनी नमाज पढावा म्हणून आई चटईखाली साखर ठेवी, अशी त्यांची आख्यायिका आहे. आमच्या फरीदांच्या गावातील या म्हाताऱ्याच्या गादीखाली ती कोणी ठेवली होती?

मग आम्ही पहारा वाढवला. औषधाची मात्राही वाढली. आणि याच कडकपणाने एका रात्री आमचा घात होत होता. पावसाळ्याचे दिवस होते. संध्याकाळी बाबांनी गोळी घेतली आणि नंतर जेवायला नकार दिला. दोन घास खाल्ले असतील. आम्ही फार आग्रह केला नाही, 'एक वेळ कमी खाल्ले तर साखर आटोक्यात राहील' असाही एक वेडगळ विचार मनात होता. रात्री तीनच्या सुमारास ते कण्हत असल्याचे ऐकू आले. सदरा घामाने चिंब, हात थरथरत, बोलणे अडखळत. पत्नीला वाटले अर्धांगवायूचा झटका. घरातील यंत्रावर साखर पाहिली, ती 48 होती. 70 च्या खाली गेली की उपाय करायचा असतो.

त्यांची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. उघडून पाहिली तर आत कागदासकट एक लिमलेटची गोळी. कागद सोडवायची शक्ती बोटांत उरली नव्हती.

ती गोळी मी त्यांना दिली नाही. अशा अवस्थेत कडक गोळी घशात अडकू शकते. पत्नीने तीन चमचे साखर अर्ध्या पेल्यात विरघळवली आणि त्यांना बसते करून घोट-घोट पाजली. ते शुद्धीवर होते, गिळत होते, म्हणून पाजता आले. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचे नसते, तडक दवाखाना गाठायचा असतो. लाडू किंवा चॉकलेटही अशा वेळी उपयोगाचे नाही, त्यातील तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिले, 82. मग दुधात कुस्करलेली अर्धी पोळी भरवली, म्हणजे साखर पुन्हा घसरू नये. उजाडल्यावर हिंगणघाटला नेले.

तेथील डॉक्टरांनी औषधाची मात्रा निम्मी केली आणि आम्हाला सौम्य शब्दांत खडसावले. या वयात आणि या आजारात ती तपासणी 8 च्या आसपास राहिली तरी पुरे, तरुणासारखी 7 च्या खाली आणण्याच्या हट्टाने साखर एकदम खाली जाण्याचा धोका वाढतो. त्यांनी असेही विचारले की हे दिवसभर काय करतात? मी म्हणालो, काही नाही, किल्ली मागतात. "मग देऊन पाहा ना," ते म्हणाले.

टपरी तोवर भंगारात गेली होती. पण पेटी माळ्यावर होती आणि बरण्यांपैकी चार शाबूत होत्या. अंगणात पारिजातकाखाली बारदाना अंथरला, पेटी मांडली. बरण्या भरताना आम्हा नवरा-बायकोची पुष्कळ चर्चा झाली. शेवटी एकीत फुटाणे, दुसरीत मुरमुरे, तिसरीत घरी वाळवलेल्या आवळ्याच्या फोडी. चौथी रिकामी ठेवली होती. पेटीच्या तळाशी बाबांची जुनी पैशांची डबी सापडली. पाच पैसे, दहा पैसे, वीस पैसे, चार आणे. ही नाणी 2011 साली जूनअखेर चलनातून बाद झाली. ती मी आमच्या गल्लीतील मुलांना वाटून दिली आणि काय करायचे ते समजावले.

पहिल्या दिवशी बाबा पेटीमागे बसले, बरण्यांवरून हात फिरवला आणि चौथी बरणी उचलून माझ्याकडे पाहिले. "गोळ्या नाही, त दुकान कायचं?"

तेव्हापासून त्या बरणीत शनिवारी मोजून दहा गोळ्या पडतात. शनिवारी सकाळची शाळा असते, मुले लवकर सुटतात आणि थेट आमच्याकडे येतात. प्रत्येकाला एक, आणि बाबांनाही एक, जेवणाला लागून, कुणीतरी शेजारी बसलेले असताना. हा शनिवार मी स्वीडनवरून घेतला हे गल्लीत कुणाला ठाऊक नाही. अगदी लहान मुलांना मात्र आम्ही फुटाणे देत नाही, पाच वर्षांखालच्यांच्या श्वासनलिकेत ते जाऊ शकतात. त्यांच्यासाठी मुरमुरे आहेत. यावरून बाबांशी रोज वाद होतो, कारण लहान गिऱ्हाईक परत पाठवणे त्यांच्या तत्त्वात बसत नाही.

औषधाची मात्रा निम्मी करूनही गेल्या तपासणीचा आकडा 8.2 आला. दुपारची त्यांची येरझार पुष्कळ कमी झाली आहे. संध्याकाळची अस्वस्थता अजून आहे, तिच्यावर आम्हाला उपाय सापडलेला नाही.

आणि मनात एक टोचणी आहे. व्हिपेहोल्मच्या रुग्णांना जे समजत नव्हते त्याचा फायदा घेतला गेला, म्हणून मी संतापलो होतो. मग मी काय करतो आहे? दुकान खोटे, पैसे खोटे, गिऱ्हाईक शिकवलेले. हेतू चांगला आहे, असे तेथील डॉक्टरांनाही वाटले असेल. पत्नी म्हणते, तुम्ही फार विचार करता, फुटाणे तर खरे आहेत ना! तिचे म्हणणे मला पटते, पण दिवसभर पटत नाही. कधी वाटते, वाळक्या पानांचा माल करून देणाऱ्या फकिराला तरी कुठे कुणी जाब विचारला. मग लगेच वाटते, त्याने आधी मालाचे दगडही केले होते.

परवाचीच गोष्ट. पाऊस होता, मुले आली नाहीत. बाबा पडवीत पेटीमागे बसून रस्त्याकडे पाहत होते. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"कोन्त्या वर्गात हायेस?"

मी म्हणालो, "चौथीत."

"काय देऊ, मालक?"

मी फुटाणे मागितले. त्यांनी मापाचे छोटे भांडे भरले, वर एक चिमूट जास्त घातली आणि माझ्या ओंजळीत ओतले. मी खिसे चाचपले. जुनी नाणी सगळी मुलांकडे होती. दहा रुपयांची नोट पुढे केली तर त्यांनी ती उलटीसुलटी करून परत दिली. एवढ्या मोठ्या नोटेचे सुटे त्यांच्यापाशी नव्हते.

"राहू दे," ते म्हणाले आणि पेटीतून उधारीची वही काढली. "बापाचं नाव सांग."

मी त्यांचे नाव सांगितले. त्यांनी ते सावकाश लिहिले, त्यापुढे चार आणे मांडले आणि वही मिटली.